लघुपटाला रंग चढवणारे हात

पॅरिसच्या रु द्यु बाक या रस्त्यावर एलिझाबेत तुइलिए यांचा रंगकामाचा कारखाना होता. काचेच्या आणि सेल्युलॉइडच्या वस्तू रंगवणं हा त्यांचा मूळ धंदा. सिनेमा आला तशा त्या फिल्मही रंगवू लागल्या आणि जादूगार-दिग्दर्शक जॉर्ज मेलिएसचे चित्रपट त्यांच्याकडे येऊ लागले. १९२९ साली दिलेल्या एका मुलाखतीत त्यांनी या कामाची रीत सांगितली आहे. हाताखाली २२० कामगार. रात्री तुइलिएबाई बसून रंग निवडायच्या, नमुने करून पाहायच्या. दिवसा बायका त्यांच्या सूचनेबरहुकूम रंग भरायच्या. एका बाईकडे एकच रंग. तिचा भरून झाला की फिल्म पुढच्या बाईकडे जायची. एकेका चित्रपटाला बऱ्याचदा वीसहून जास्त रंग लागत. अ‍ॅनिलिनचे हे रंग आधी पाण्यात आणि मग अल्कोहोलमध्ये विरघळवत, म्हणजे ते पारदर्शक राहून प्रकाश आरपार जाई.

३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट जेमतेम २४ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर उंच असते. मेलिएसच्या १९०२ मधल्या ‘चंद्रावरची सफर’मध्ये अशा १३ हजारांहून अधिक चौकटी आहेत. त्यातल्या माणसाचा डगला लाल करायचा तर तो डगला जितक्या चौकटींत दिसतो तितक्या वेळा ब्रश टेकवायचा. तेही एकाच प्रतीसाठी. दुसऱ्या प्रतीला पुन्हा पहिल्या चौकटीपासून सुरुवात. त्यामुळे रंगीत प्रती महाग असत आणि हौशी खेळवालेच त्या घेत. या चित्रपटाची एक रंगीत प्रत १९९३ साली बार्सिलोनाच्या फिल्म संग्रहालयाकडे आली. चिकटून घट्ट झालेली ती फिल्म कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर सोडवली गेली आणि २०११ च्या कान महोत्सवात पुन्हा पडद्यावर आली. तिच्यात यान सोडतानाच्या दृश्यात एक झेंडा फडकतो. तो रंगवलाय स्पेनच्या लाल-पिवळ्या रंगांत. प्रत स्पेनमधल्या गिऱ्हाइकासाठी होती, म्हणून फ्रेंच दिग्दर्शकाच्या चित्रपटातला झेंडा स्पॅनिश झाला. प्रेक्षकाच्या छातीत काय उसळायला हवं याचा विचार ब्रश उचलण्याआधीच झालेला होता.

चित्रीकरण संपल्यावर दृश्याचा रंग, उजेड आणि सावली ठरवण्याच्या कामाला आज कलर ग्रेडिंग म्हणतात. ते संगणकाबरोबर आलं असा समज पक्का बसला आहे. खरं तर हे काम सिनेमाइतकंच जुनं आहे, आणि त्याचे अनेक नवे प्रयोग आधी लघुपटावर झाले. सुरुवातीला तर सगळे चित्रपट लघुपटच होते. एडिसनच्या कंपनीने १८९५ साली अ‍ॅनाबेल या नर्तकीचं नृत्य टिपलं. मिनिटभराचाही खेळ नसेल. तिच्या घेरदार झग्याचा रंग नाचता नाचता पालटत जातो, कारण तोही हाताने भरलेला आहे. पुढे मोठे चित्रपट आले तरी रंगाचा जुगार पुष्कळदा छोट्या चित्रपटावरच खेळला गेला. चार रिळं फसली तर कंपनी बुडत नाही, चौदा फसली तर बुडते.

फ्रान्सच्या पाते कंपनीने ब्रशच्या जागी कातरलेले साचे आणले. प्रत्येक रंगाला एक साचा. साचा एकदा कापला की त्यातून हव्या तितक्या प्रती रंगवता येत. हे काम करणाऱ्याही बहुतेक बायकाच होत्या.

भावना मात्र खऱ्या अर्थाने शिरली ती टिंटिंगमधून. टिंटिंग म्हणजे फिल्मचा अख्खा तुकडा रंगाच्या द्रावणात बुडवणं. त्याची बहीण टोनिंग. टोनिंगमध्ये फिल्मवरच्या चांदीच्या जागी रंगीत संयुग बसवतात, म्हणजे काळं ते निळं किंवा तपकिरी होतं आणि पांढरं पांढरंच राहतं. दोन्ही एकत्र करून निळ्या सावल्या आणि गुलाबी आभाळ अशी संध्याकाळही उभी करता येई. मूकपटांच्या भरभराटीच्या काळात बहुसंख्य चित्रपट असे रंगवलेले असत. रात्र निळी, दिव्याची खोली पिवळसर, आग लाल, रान हिरवं असे संकेत रुळले होते. दिग्दर्शक मुर्नाउच्या १९२२ मधल्या ‘नोस्फेरातू’चं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. त्यातला रक्तपिपासू सरदार रात्रीच बाहेर पडतो, पण चित्रीकरण दिवसाउजेडी झालेलं. निळ्या रंगाने त्या दिवसाची रात्र केली होती. पुढे या चित्रपटाच्या बिनरंगी कृष्णधवल प्रती जगभर फिरल्या आणि प्रेक्षकांना तो सरदार भर दुपारी शवपेटी काखेत मारून गावातून चालताना दिसू लागला. भीती रंगात होती. रंग गेला तशी तीही गेली, आणि कथेचा तर्कसुद्धा ढिला झाला.

रंग आणि भाव यांची अशी सांगड घालणं भारतीय परंपरेला नवं नव्हतं. भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला रंग दिलेला आहे: शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण पारव्याच्या करड्या रंगाचा, रौद्र तांबडा, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा, अद्भुत पिवळा. यातला करुण रसाचा रंग विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. दुःखाला काळा रंग न देता करडा देणाऱ्याने माणसाचा चेहरा फार जवळून पाहिलेला असणार. शोकाचे प्रसंग फिकट, रंग उतरलेले करण्याची आजच्या ग्रेडिंगमधली पद्धत याच निरीक्षणाच्या शेजारी बसते.

बोलपट आले आणि टिंटिंगवर अनपेक्षित संकट कोसळलं. आवाज आता फिल्मच्या कडेला चित्ररूपात छापला जाऊ लागला आणि प्रोजेक्टरमधला प्रकाश त्यातून जाऊन फोटोसेलवर पडू लागला. रंगवलेली फिल्म नेमका तोच प्रकाश अडवायची आणि आवाज बिघडायचा. यावर उपाय म्हणून कोडॅकने १९२९ साली सोनोक्रोम नावाची फिल्म काढली. आवाजाला लागणारा प्रकाश सोडणाऱ्या सतरा छटा तिच्यात होत्या, त्यांपैकी ‘आर्जेंट’ ही एक तटस्थ. कोडॅकच्या प्रयोगशाळेतल्या लॉइड जोन्स या शास्त्रज्ञाने प्रत्येक छटा कोणती भावना जागवते याचं वर्णनही लिहून दिलं. ‘कँडलफ्लेम’ आणि ‘फायरलाइट’ घरच्या उबेसाठी, ‘रोझ दोरे’ शृंगारासाठी, ‘नॉक्टर्न’ रात्रीच्या गूढ खिन्नतेसाठी, ‘इन्फर्नो’ दंगल आणि हाहाकारासाठी. भावनांचा असा छापील तक्ता एखाद्या कंपनीने बाजारात आणावा, ही सिनेमाच्या इतिहासातली फार बोलकी घटना आहे. तक्त्यामागची जाण खरी होती. चुकत होतं ते एवढंच, की तक्ता रंगाला सुटा धरत होता. पडद्यावर कुठलाही रंग त्याच्या आधीच्या दृश्याच्या पाठीवर येतो आणि डोळा दोहोंतला फरक वाचतो.

हा फरक नीट हाताळायला शिकवलं ते टेक्निकलर कंपनीने, आणि तेही लघुपटांतून. टेक्निकलरचा नवा कॅमेरा काचेच्या लोलकाने प्रकाश विभागून तीन निगेटिव्हवर एकाच वेळी तीन रंगांची नोंद करायचा. वॉल्ट डिझ्नीने १९३२ साली ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ हा कार्टून लघुपट कृष्णधवल करायला घेतला होता. झालेलं काम बाजूला सारून तो या पद्धतीने पुन्हा केला. त्याला कार्टून लघुपटासाठीचं पहिलं ऑस्कर मिळालं. पण चितारलेली फुलं रंगीत दिसणं वेगळं आणि जिवंत माणसाचा चेहरा रंगीत दिसणं वेगळं. ती परीक्षा १९३४ साली ‘ला कुकाराचा’ या वीस मिनिटांच्या लघुपटाने दिली.

त्याचे रंग ठरवले होते रॉबर्ट एडमंड जोन्स यांनी. हे ब्रॉडवेवरचे नामांकित नेपथ्यकार. कथा अगदी हलकीफुलकी: मेक्सिकोतला कॅफे, नाचणारी जोडी, मत्सर, भांडण, शेवटी मिलाफ. नेहमीच्या लघुपटाच्या कितीतरी पट खर्च करून केलेला हा सगळा खटाटोप केवळ रंगासाठी होता. जोन्स यांनी रंगमंचावरची रंगीत प्रकाशयोजना सरळ कॅमेऱ्यासमोर आणली. संताप चढतो तसा पात्राचा चेहरा लाल प्रकाशात न्हाऊन निघतो. आजच्या प्रेक्षकाला हे भडक वाटेल, आणि ते भडक आहेच. पण त्यात एक मोठं धाडस आहे. लाल रंग तिथे वस्तूचा उरत नाही. कपडा लाल नाही, भिंत लाल नाही. राग लाल आहे. मनातली अवस्था चेहऱ्यावर रंगाने उमटवायची, ही आज प्रत्येक ग्रेडरच्या हाताशी असलेली युक्ती जिवंत अभिनयाच्या पडद्यावर इतक्या उघडपणे तेव्हा आली. या लघुपटालाही ऑस्कर मिळालं आणि दुसऱ्याच वर्षी तीन निगेटिव्हच्या टेक्निकलरमध्ये ‘बेकी शार्प’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट आला.

टेक्निकलरचा कॅमेरा विकत मिळत नसे. तो भाड्याने येई आणि त्याच्याबरोबर रंग-सल्लागार म्हणून नाव लागे नॅटली कॅल्मस यांचं. १९३५ साली त्यांनी रंगाच्या जाणिवेवर एक निबंध लिहिला. त्याचा मथितार्थ संयमाचा होता: भडक रंगांचा मारा डोळ्यांना थकवतो, तटस्थ रंगांच्या मध्ये एखादाच ठळक रंग ठेवला तर तो बोलतो. कित्येक दिग्दर्शकांना त्यांची ढवळाढवळ नकोशी होई. तरीही त्यांचं हे म्हणणं टिकलं.

इकडे कोल्हापुरात १९३३ साली प्रभात फिल्म कंपनीने रंगाला थेट हात घातला. महाराष्ट्रातल्या चित्रपटाचा रंगाशी संबंध तसा जुना. दादासाहेब फाळके सिनेमात येण्याआधी रंगीत छपाईच्या व्यवसायात होते आणि छपाईची यंत्रं आणायला १९०९ साली जर्मनीला जाऊन आले होते. वाटाण्याचं रोप कसं वाढतं हे दाखवणारा लघुपट त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी केला. पण दगडी शिळांवरून देवादिकांची रंगीत चित्रं काढणाऱ्या या माणसाला पडद्यावर मात्र काळ्या-पांढऱ्यावर भागवावं लागलं. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर वीस वर्षांनी प्रभातच्या व्ही. शांताराम यांनी ‘सैरंध्री’ घेतला. द्रौपदीच्या अज्ञातवासाची, कीचकवधाची ही कथा. नाट्यशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर करुण आणि रौद्र यांनी भरलेली. रंगांच्या प्रक्रियेसाठी शांताराम फिल्म घेऊन जर्मनीला गेले. हाती आलेले रंग भडक आणि अनैसर्गिक होते. चित्रपट चालला नाही. पहिला भारतीय रंगीत चित्रपट म्हणून मग नाव झालं ते १९३७ च्या ‘किसान कन्या’चं, कारण त्याची प्रक्रिया इथेच झाली. सिनेकलर पद्धतीचा हा चित्रपट आर्देशीर इराणी यांच्या इम्पीरिअल कंपनीने काढला होता.

‘सैरंध्री’च्या अपयशात प्रभातच्या कलावंतांचा दोष दिसत नाही. दोन रिळांवर आधी रंगाची चाचणी घ्यायची, चेहरे कसे उमटतात ते पाहायचं, मग मोठा घास घ्यायचा, ही चैन त्यांना परवडणारी नव्हती. प्रयोगशाळा समुद्रापलीकडे, आणि रंग पाहायचा तर तो पूर्ण चित्रपटावरच. शांतारामांनी रंगाचा नाद मात्र सोडला नाही. ‘झनक झनक पायल बाजे’ १९५५ साली टेक्निकलरमध्ये झळकला. ‘दो आँखें बारह हाथ’च्या चित्रीकरणात बैलाशी झुंजताना त्यांचे डोळे दुखावले, डोळ्यांवर पट्ट्या आल्या आणि त्या अंधारात आपल्याला रंग दिसत राहिले, असं त्यांनी ‘नवरंग’च्या सुरुवातीला स्वतः पडद्यावर येऊन सांगितलं आहे. दृष्टी जाण्याच्या भीतीतून इतका रंगाने ओसंडणारा चित्रपट निघावा, हे एकट्या शांतारामांनाच जमण्यासारखं होतं.

लघुपटाच्या इतिहासातला सगळ्यांच्या ओळखीचा रंग म्हणजे एका फुग्याचा. आल्बेर लामोरिसच्या १९५६ मधल्या ‘लाल फुगा’ या ३४ मिनिटांच्या लघुपटात पॅरिसचा मेनिलमोंताँ भाग दिसतो: ओले दगडी रस्ते, राखी भिंती, राखी आभाळ, करड्या कपड्यांतला मुलगा. त्यात एक झळझळीत लाल फुगा. इथे प्रयोगशाळेपेक्षा दिग्दर्शकाच्या निवडीने जास्त काम केलं. बाकी सगळ्यांतून रंग काढून घेतला, म्हणून फुग्याला जीव आला.

मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी मकबूल फिदा हुसेन यांनी १९६७ साली राजस्थानात एक लघुपट केला. चित्रकाराच्या नजरेतून पाहिलेला तो प्रदेश. बकरी, छत्री, कंदील, जोडा, वाळू आणि बुंदीच्या भिंती. राजस्थान आणि हुसेन म्हटल्यावर रंगांचा सडा अपेक्षित असतो. हा लघुपट आहे कृष्णधवल. बर्लिनला त्याला लघुपटाचं सुवर्ण अस्वल मिळालं. रंग वगळणं हाही रंगाचाच निर्णय, आणि तो एका थोर चित्रकाराने घेतला.

याच दशकांत मुंबईच्या फिल्म लॅबमध्ये ग्रेडर नावाचा माणूस रोज नेमकं काय करत होता, हे पाहण्यासारखं आहे. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या लॅबमध्ये निगेटिव्ह कापून जोडून आली की ती त्याच्यापुढे येई. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं: आभाळ काळपट, चेहरे निळसर-हिरवे, सगळ्यावर नारिंगी झाक. ते बघून पॉझिटिव्ह कशी दिसेल हे त्याला डोक्यात उमगायचं. प्रिंटिंग मशीनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन प्रकाश असत आणि प्रत्येकाची तीव्रता १ ते ५० अशा अंकांत ठरे. पंचवीस-पंचवीस-पंचवीस हा मधला सूर. एखादं दृश्य जरा उबदार हवं तर एका रंगाचा अंक दोनने सरकवायचा. दृश्यागणिक हे तीन अंक कागदी पट्टीवर भोकं पाडून नोंदवले जात आणि त्या पट्टीच्या हुकुमाने मशीन चाले. मग फर्स्ट कॉपी निघे. अंधाऱ्या थिएटरात दिग्दर्शक आणि कॅमेरामन ती बघत, ‘इथे थोडी निळी वाटतेय’ असं म्हणत, की ग्रेडर पुन्हा पट्टीकडे. त्याच्याकडे चेहरा वेगळा आणि भिंत वेगळी करण्याची सोय नव्हती. निळा वाढवला की चौकटीतलं सगळंच निळं. अशा जाडसर हत्याराने त्या माणसांनी पहाटेची पहाट राखली, हे त्यांचं कौशल्य. श्रेयनामावलीत लॅबचं नाव येई. त्यांचं स्वतःचं क्वचितच.

लॅबमधल्या रसायनांनीही भावना घडवता येई. काझुओ मियागावा या जपानी कॅमेरामनने १९६० साली कोन इचिकावाच्या ‘ओतोतो’साठी चांदी काढून टाकणारी ब्लीचची पायरी गाळली. फिल्मवर चांदी तशीच राहिली, रंग मंद झाले, काळं अधिक गडद झालं आणि जुन्या काळाची धूसर आठवण पडद्यावर आली. काळ मात्र स्वतःचंही ग्रेडिंग करत होता. त्या पिढीच्या रंगीत प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग आधी विटतो, त्यामुळे जतन न झालेल्या प्रती गुलाबी होत गेल्या. कित्येक जुन्या चित्रपटांतली रात्र आज गुलाबीच दिसते.

फिल्म व्हिडिओवर उतरवणारी टेलिसिने मशीन आली तेव्हाही जाहिरातपट आणि गाण्यांचे व्हिडिओ, म्हणजे पुन्हा मिनिट-दोन मिनिटांचे चित्रपटच पुढे होते. अमेरिकेतली डा व्हिंची ही यंत्रणा १९८४ पासूनची. तिच्यामुळे चौकटीतला एखादाच रंग वेगळा काढून बदलणं शक्य झालं. २००० साली कोएन बंधूंच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?’साठी कॅमेरामन रॉजर डीकिन्स यांनी अख्खा चित्रपट संगणकावर घेतला. मिसिसिपीतली ऐन उन्हाळ्यातली हिरवीगार पानं सुकलेली, सोनेरी करायची होती. केली. ही यंत्रं तेव्हा मोठ्या स्टुडिओंनाच परवडत. २००९ मध्ये डा व्हिंची ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकमॅजिक कंपनीने घेतली, पुढच्या वर्षी ते सॉफ्टवेअर ९९५ डॉलरला आलं आणि २०११ मध्ये त्याची एक आवृत्ती फुकट मिळू लागली. पुण्या-कोल्हापुरातल्या विद्यार्थ्याच्या लघुपटापर्यंत ग्रेडिंग पोचलं ते यामुळे.

या फुकट मिळालेल्या सोयीबरोबर तयार छटांचे साचेही आले. निळसर सावल्या आणि नारिंगी चेहरे असा एक साचा तर हजारो लघुपटांवर सारखाच चढलेला दिसतो. तो वाईट नाही, पण तो कथेला विचारून आलेला नसतो. समजा, चाळीतल्या खोलीत एक बाई रात्री एकटी जेवते आहे आणि वर ट्यूबलाइट आहे. ट्यूबलाइटच्या उजेडात हिरवट झाक असते. साचा ती झाक पुसून टाकेल आणि खोली सुंदर करेल. जाणता कलरिस्ट, म्हणजे आजचा ग्रेडर, आधी वेक्टरस्कोप या रंगछटा मोजून दाखवणाऱ्या पडद्यावर त्या बाईच्या कातडीचा रंग तपासतो. गोरी असो वा सावळी, माणसाच्या त्वचेची छटा त्या पडद्यावर जवळपास एकाच रेषेवर पडते. चेहरा त्या रेषेजवळ ठेवून तो भिंतीवरची हिरवट झाक तशीच राहू देतो, कदाचित थोडी वाढवतो. बाई जिवंत दिसते आणि खोली तिला परकी होते. नंतरच्या दृश्यात मुलगा घरी आला तर ती हिरवट झाक हळूच उतरवता येते, कुणाच्या लक्षातही न येता.

एवढं करून फाइल बाहेर पडते तेव्हा तिची रूपं दोन असतात. महोत्सवाच्या अंधाऱ्या थिएटरासाठी एक, आणि फोन-टीव्हीसाठी दुसरं. प्रोजेक्टरवर गडद, खोल वाटलेली रात्र उन्हात धरलेल्या फोनवर निव्वळ काळी पाटी होते, म्हणून दुसऱ्या प्रतीत सावल्या थोड्या उचलाव्या लागतात, आणि सावल्या उचलल्या की रंगही हलतात, मग चेहऱ्यापासून पुन्हा पाहावं लागतं.